घरच्या स्पीकरला अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा लागतो?

भाच्याने चिंचवडला फ्लॅट घेतला. त्याच्या वडिलांची जुनी बुकशेल्फ स्पीकरची जोडी त्याने मोठ्या मायेने जपून ठेवली आहे, पण त्यांना चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर केव्हाच बंद पडलाय. दिवाळीच्या तोंडावर तो पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, चक्कर मारून आला आणि रात्री त्याचा फोन आला.

"मामा, एक जण म्हणतो पाच हजार वॅट, साडेतीन हजारात घेऊन जा. दुसरा पन्नास वॅटचा दाखवतो आणि अठरा हजार सांगतो. शंभरपट वॅट पाचव्या हिश्शाच्या किमतीत कसे काय मिळतील?"

"नाहीच मिळत. पण तू आधी मला सांग, स्पीकरच्या पाठीवर काय लिहिलंय?"

त्याने टॉर्च लावून वाचलं: ८ ओहम, ८६ डेसिबल, १०० वॅट. या तीन आकड्यांपैकी त्याला फक्त तिसरा महत्त्वाचा वाटत होता. खरं तर तिन्हींत सर्वांत कमी कामाचा तोच आहे. पैसे हातचे जाण्याआधी हे कळलं पाहिजे, म्हणून त्या रात्री त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅम्प करतो काय?

मोबाइल, टीव्ही किंवा सीडी प्लेअरमधून गाण्याचा जो सिग्नल निघतो तो फार अशक्त असतो. जास्तीत जास्त एक-दोन व्होल्ट, आणि मागे जोर असा काहीच नाही. एवढ्यावर स्पीकरचा पडदा हलत नाही. अ‍ॅम्प तो सिग्नल नमुना म्हणून समोर ठेवतो आणि भिंतीतल्या प्लगमधून घेतलेली वीज हुबेहूब त्याच आकारात स्पीकरला पुरवतो. आवाज अ‍ॅम्पमध्ये तयार होत नाही. तिथे नुसती वीज हवी तशी सोडली जाते.

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर, तो व्होल्टेज. नळातून प्रत्यक्ष किती पाणी वाहतं, तो करंट. आणि पाइप किती अरुंद आहे, म्हणजे वाहायला किती अडवतो, तो ओहममध्ये मोजतात. वॅट म्हणजे जोर आणि वाहणं यांचा गुणाकार. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजेल.

पाच हजार वॅट येतात कुठून?

घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या प्लगमधून जास्तीत जास्त किती वीज मिळते? २३० गुणिले ६, म्हणजे १,३८० वॅट. त्या प्लगला लावलेली वस्तू पाच हजार वॅट बाहेर काढते असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबावं. डब्यात शेरभर दूध असताना पाच शेर दही लागत नाही.

अशा खोक्यांवर वॅटच्या पुढे 'पीएमपीओ' ही अक्षरं असतात. क्षणभरासाठी, अगदी डोळ्याचं पातं लवण्याच्याही आत, कल्पनेतली सर्वांत अनुकूल परिस्थिती धरून काढलेला हा आकडा. तो कसा काढायचा याचं सर्वमान्य मानकच नाही, त्यामुळे दोन खोक्यांवरच्या पीएमपीओची एकमेकांशी तुलनासुद्धा करता येत नाही. अ‍ॅम्प उलटा करून मागची पट्टी वाचा. 'पॉवर कन्झम्प्शन' म्हणून तिथे ६० वॅट असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. आत ६० जात असतील तर बाहेर सतत पाच हजार येऊच शकत नाहीत.

यावर दुकानदाराचं एक रास्त उत्तर असतं: आत मोठे कपॅसिटर असतात, ते वीज साठवून ठेवतात आणि गरज लागली की एकदम देतात. खरं आहे. गच्चीवरची टाकीही हळूहळू भरते आणि नळ मात्र धो धो वाहतो. शिवाय पट्टीवरचा आकडा बऱ्याचदा अ‍ॅम्प मध्यम आवाजात चालवून मोजलेला असतो. त्यामुळे चांगला अ‍ॅम्प पट्टीवरच्या आकड्यापेक्षा थोडं जास्त काही क्षण देऊ शकतो. पण थोडं जास्त म्हणजे ऐंशी पट नव्हे.

ही फुगवाफुगवी फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत इतका गोंधळ माजला होता की १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने घरगुती अ‍ॅम्पचे वॅट कसे मोजून जाहीर करायचे याचा नियमच केला. २०२४ मध्ये तो सुधारून मोजणीच्या अटी सगळ्यांना सारख्या केल्या.

प्रामाणिक आकड्याला शेपटी असते. "५० वॅट, दोन्ही चॅनल चालू असताना, ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत." चॅनल म्हणजे डावी आणि उजवी बाजू. हर्ट्झचे आकडे म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या सर्वांत जाड आवाजापासून सर्वांत बारीक आवाजापर्यंत. डिस्टॉर्शन म्हणजे मूळ आवाजात नसलेली जी भेसळ अ‍ॅम्प करतो ती. बाजारात याला आरएमएस वॅट म्हणतात. यातली प्रत्येक अट गाळली की आकडा फुगतो. डिस्टॉर्शन १० टक्क्यांपर्यंत चालवून घेतलं, तर तोच अ‍ॅम्प कागदावर बराच दांडगा दिसायला लागतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या, तळहाताएवढ्या क्लास डी (ही पद्धत पुढे सांगतो) अ‍ॅम्पची गंमत वेगळी आहे. त्यांचा सगळा हिशोब अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेला असतो. २४ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे एकूण १२० वॅट, दोन्ही बाजूंचे मिळून. शिवाय २४ व्होल्टच्या छपराखाली ८ ओहमच्या स्पीकरला फार तर ३६ वॅट आणि ४ ओहमच्या स्पीकरला ७२ वॅट मिळतात, तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून. मग डबीवर २०० अधिक २०० छापलेलं का असेना. छत्तीस वॅट वाईट नाहीत, हे पुढे कळेलच.

आधी स्पीकरचं अ‍ॅव्हरेज विचारा

मोटरसायकल घेताना आपण टाकी किती लिटरची एवढंच विचारत नाही. गाडी अ‍ॅव्हरेज किती देते हे आधी विचारतो. स्पीकरचंही अ‍ॅव्हरेज असतं. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, हा तो आकडा. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. भाच्याच्या स्पीकरवरचे ८६ डेसिबल ते हेच.

डेसिबलचं गणित एकदाच समजून घेऊ. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात. १० डेसिबल वाढवायला दहापट, आणि तेव्हा कुठे आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प विकून १०० वॅटचा घेतला तर पदरात काय पडलं? तीन डेसिबल. जरा वाढल्यासारखं वाटेल, बस. पन्नासऐवजी साठ घेतला तर एक डेसिबलही नाही. इतक्या फरकासाठी चार-पाच हजार जास्त मोजणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं.

उलट स्पीकर-स्पीकरमधला फरक केवढा असतो बघा. बीबीसीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये बसेल असा एक चिमुकला स्पीकर तयार केला, एलएस ३/५ए. त्याचं अ‍ॅव्हरेज ८२-८३ डेसिबल. अमेरिकेतला, कोपऱ्यात उभा करायचा कपाटाएवढा क्लिप्शहॉर्न १०५ डेसिबल सांगतो. मधला फरक २२ डेसिबलचा. जो आवाज क्लिप्शहॉर्न एका वॅटमध्ये काढेल, त्यासाठी त्या छोट्या स्पीकरला दीडशेहून जास्त वॅट लागतील, आणि तेवढे पचवण्याची तर त्याची ताकदच नाही. दोन्ही स्पीकर आपापल्या जागी नावाजलेले आहेत. पण "अ‍ॅम्प किती वॅटचा घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर या दोघांसाठी एक कसं असेल?

सोफ्यावर बसून केलेला हिशोब

भाच्याचा हॉल साधारण बारा बाय चौदाचा. सोफा स्पीकरपासून पावणेतीन मीटरवर. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. या अंतराला ९ गळतील. पण खोलीच्या भिंती काही आवाज परत देतात, आणि स्पीकरही दोन आहेत. या दोन्हींचे मिळून ६ परत धरू. म्हणजे दोन्ही स्पीकरना एकेक वॅट दिला तर सोफ्यावर ८३ डेसिबल. आपण समोरासमोर बसून बोलतो ते साधारण ६० डेसिबल. ८३ म्हणजे स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाल्यावर हॉलमधल्या माणसांना आवाज चढवावा लागतो तसा मामला. एका वॅटमध्ये!

हे त्याला पटेना. म्हणून पुढच्या रविवारी मी माझा अ‍ॅम्प आणि मल्टिमीटर घेऊन गेलो. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, म्हटलं, तुला बरं वाटेल एवढा आवाज ठेव. तिने बासरी लावली आणि स्वतःच बटण फिरवून सोफ्यावर बसली. मी मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन पिना स्पीकरच्या मागच्या लाल आणि काळ्या टर्मिनलला हलकेच टेकवल्या, एकमेकींना लागणार नाहीत अशा बेताने. आकडा ०.९, १.१, ०.८ असा हलत होता. १.१ चा वर्ग १.२१, भागिले ८ ओहम: ०.१५ वॅट. एका वॅटचा सहावा हिस्सासुद्धा नाही. साधा मीटर संगीताच्या बाबतीत ढोबळच असतो, पण ढोबळ अंदाजासाठी तो पुरेसा आहे.

मग ०.१५ वॅटचाच अ‍ॅम्प का घेऊ नये? कारण गाणं एका पातळीवर चालत नाही. तबलजी समेवर येऊन जो 'धा' देतो, ढोलकीवर जी थाप पडते, ती क्षणभराची असते, पण सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल वर जाऊ शकते. आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट. सरासरी ०.१५, तर थाप पडल्या क्षणी १५. ताईपेक्षा भाच्याला थोडा मोठा आवाज लागतो. ८० डेसिबल सरासरी धरली तर अर्धा वॅट, आणि थापेला ५० वॅट. झालं. त्याच्या स्पीकरला, त्याच्या खोलीत, खरे ५० वॅट भरपूर आहेत. त्याहून मोठ्याने रोज ऐकू नये हेही त्याला सांगितलं, कारण जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला मोठ्या माणसांसाठी आठवड्याची मर्यादा ४० तास सांगते.

तुमच्या स्पीकरचं अ‍ॅव्हरेज ८९ असेल तर हेच काम २५ वॅटमध्ये होईल. ८३ असेल तर १०० लागतील. वॅट ठरतात ते असे, स्पीकर आणि खोली बघून.

"मग दहा-वीस वॅटचा घेऊन आवाज पूर्ण वाढवला तर?"

हा प्रयोग माझ्याकडून होऊन गेला आहे. सोसायटीच्या गणपतीत मी घरचे स्पीकर आणि २० वॅटचा अ‍ॅम्प आरतीसाठी दिला होता. पार्किंगची मोकळी जागा, पन्नासएक माणसं; पोरांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. तिसऱ्या संध्याकाळी एका स्पीकरमधून झांजा ऐकू येईनात. ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, खोलून पाहिला. घुमटाच्या मागची केसासारखी तार काळी पडून तुटली होती, आणि जळक्या व्हार्निशचा वास येत होता. १०० वॅट सोसणाऱ्या स्पीकरला २० वॅटच्या अ‍ॅम्पने जाळलं.

मखराची कमान मूर्तीच्या मुकुटापेक्षा बुटकी असली तर काय होईल? मूर्ती आत बसणारच नाही. अ‍ॅम्पला मात्र बसवावंच लागतं, म्हणून तो मुकुट कापतो. आवाजाच्या लाटेचा वरचा गोल माथा छाटला जाऊन सपाट होतो. याला क्लिपिंग म्हणतात. लाट सपाट झाली की दोन गोष्टी होतात. एक तर मूळ गाण्यात नसलेले बारीक, कर्कश आवाज तयार होतात आणि ते थेट ट्विटरकडे जातात. दुसरं, थाप आणि सरासरी यांच्यातलं अंतर मिटतं. वर जागा नाही म्हणून खालचं सगळं वर येतं. एरवी क्षणभर विसावा मिळणाऱ्या तारेला सतत वीज मिळत राहते. पूर्ण छाटलेल्या लाटेत अ‍ॅम्प आपल्या खऱ्या वॅटच्या दुपटीपर्यंत वीज ढकलू शकतो. आवाज फाटल्यासारखा, पत्र्यासारखा येऊ लागला की ताबडतोब कमी करा. तो स्पीकर तक्रार करतोय.

"आणि मोठा अ‍ॅम्प घेतला तर स्पीकर जळणार नाही का?"

अ‍ॅम्प सगळे वॅट सतत स्पीकरवर ओतत नाही. ज्या प्लगमधून हजार वॅटची इस्त्री चालते, त्याच प्लगला लावलेला मोबाइलचा चार्जर जळत नाही. तुम्ही बटण जितकं फिरवाल तितकंच जातं. १०० वॅट लिहिलेल्या स्पीकरला १५० वॅटचा अ‍ॅम्प समजूतदार हातात सुरक्षित आहे. मी तर म्हणेन, ओढाताणीत सापडलेल्या २० वॅटपेक्षा जास्त सुरक्षित. लग्नाच्या हळदीला बटण कोणाच्याही हातात जाणार असेल, तर मात्र प्रश्न वेगळा.

बटणाबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. बटण अर्ध्यावर म्हणजे अर्धे वॅट, असं नसतं. प्लेअरचा सिग्नल जोरकस असेल तर अ‍ॅम्प अर्ध्या बटणालाच पूर्ण ताकदीला पोचतो. पुढचं अर्धं फिरवलं की फक्त क्लिपिंग वाढतं.

ओहमचं काय?

ओहम म्हणजे पाइपचा अरुंदपणा, हे वर आलंच. ४ ओहमचा स्पीकर हा ८ ओहमपेक्षा रुंद पाइप. तितक्याच जोराला दुप्पट करंट ओढतो. भक्कम अ‍ॅम्प ८ ओहमला ५० देत असेल तर ४ ओहमला ८०-१०० देतो. कच्चा अ‍ॅम्प तापतो, बंद पडतो किंवा ट्रान्झिस्टर गमावतो. म्हणून अ‍ॅम्पच्या मागे '४ ते ८ ओहम' लिहिलंय की 'फक्त ६ ओहम आणि वर', हे वाचायचं. आणि एकाच टर्मिनलवर दोन-दोन स्पीकर जोडायची हौस असेल तर लक्षात ठेवा, ८ चे दोन समांतर जोडले की ४ होतात, ४ चे दोन जोडले की २. दोन ओहम झेपतील असे घरगुती अ‍ॅम्प थोडेच.

४ ओहमच्या स्पीकरचं अ‍ॅव्हरेज कधी कधी २.८३ व्होल्टवर मोजलेलं असतं. ८ ओहमला तेवढे व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट, पण ४ ओहमला ते दोन वॅट होतात. म्हणजे आकड्यातून ३ डेसिबल वजा करूनच तुलना करायची.

ट्यूब, एबी की डी?

वीज हाताळायच्या या तीन तऱ्हा; ट्यूब म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातले काचेचे व्हॉल्व्ह. यावर रात्र रात्र वाद होतात. मी थोडक्यात आटोपतो. एबी म्हणजे जुनी, भरवशाची पद्धत: मोठा ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅल्युमिनियमचे पंखेदार हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे पत्रे), वजनदार, आणि वापरलेल्या विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो. क्लास डी वीज अतिशय वेगाने चालू-बंद करून काम करतो, पूर्ण ताकदीला जवळपास ९० टक्के वीज कामाला लावतो, म्हणून लहान आणि थंड. यातला 'डी' डिजिटलचा नव्हे. ए, बी, सी नंतरचं पुढचं अक्षर, एवढंच. आजचा नीट बनवलेला डी आणि नीट बनवलेला एबी, दोन्ही आपल्या मर्यादेत चालवले तर डोळे मिटून ओळखणं फार कठीण आहे. ट्यूबचा आवाज वेगळा येतो हे खरं. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरवर तितकी घट्ट पकड ठेवत नाही, शिवाय स्वतःचं थोडं डिस्टॉर्शन मिसळतो. ते ज्यांना गोड वाटतं त्यांनी खुशाल घ्यावा. पण तो आवाजाचा मसाला आहे, अचूकपणा नव्हे.

एबी घेतलात तर शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. वर चार बोटं मोकळी जागा आणि मागे हवा लागते. वरती क्रोशाचा रुमाल तर नकोच.

दुकानात काय करायचं

भाच्याने शेवटी अठरा हजारांचा तो ५० वॅटचा घेतला. आधी मागची पट्टी वाचली, ४ ओहम चालतं याची खात्री केली, आणि चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो का ते ऐकलं. तो रिलेचा, म्हणजे आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचा, आवाज. अ‍ॅम्प आतून स्थिर होईपर्यंत रिले स्पीकर जोडत नाही, आणि आत काही बिघडून थेट डीसी करंट बाहेर येऊ लागला तर स्पीकर तोडून वाचवतो. प्रत्येक चांगल्या अ‍ॅम्पला रिले असतोच असं नाही, पण एबी घेताना मी तो शोधतो. वायरीसाठी त्याला चार हजारांचा जोड सुचवला गेला होता. पाच मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची लवचीक वायर पुरते, लाल लालला आणि काळी काळीला.

शेवटची परीक्षा घरी, रात्री. ताईची बासरी ०.१५ वॅटवर चालते म्हणजे आपलं बहुतेक ऐकणं एका वॅटच्या आतच होतं, आणि तिथे अ‍ॅम्प किती शांत आहे याला पन्नास की शंभर यापेक्षा जास्त किंमत आहे. तानपुरा विरत जातो तेव्हा मागे सूं सूं नको. म्हणून पंखा बंद केला, गाणं थांबवलं, आवाज नेहमीच्या जागी ठेवला आणि भाच्याने ट्विटरला कान लावला. बारीकशी सूं होती, हातभर मागे सरलं की ऐकू येत नव्हती, तेवढी चालते. पण वूफरमधून, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरमधून, 'घूं' अशी एकसुरी गुणगुण येत होती, ती सोफ्यावरही कळत होती.

"मामा, परत करायचा का?"

"थांब. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची केबल काढ बघू."

बॉक्सच्या मागची गोल जाड वायर त्याने फिरवून काढली तशी गुणगुण थांबली. अ‍ॅम्प आणि केबल यांचं अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणी होतं, त्यातून ती येत होती. टीव्हीपासून अ‍ॅम्पपर्यंत ऑप्टिकल वायर टाकली की हा संबंध तुटतो, त्यात काच किंवा प्लास्टिक असतं, तांबं नसतं. त्याच्या अ‍ॅम्पला ऑप्टिकलची खाच आहे. वायर त्याने दुसऱ्या दिवशी आणली.